स्वतःच्या वेबसाइटवरचा व्हिडिओ यूट्यूबसारखा लगेच सुरू व्हावा यासाठी स्ट्रीमिंग सर्व्हर घ्यावा लागतो का?

नाही लागत. निदान तुमच्या कामाला तरी नाही.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. फोंड्याजवळच्या तुमच्या गावी जत्रेला होणारी नाटकं तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवर ठेवता. एकेक नाटक अडीच तासांचं आणि फाइल नऊ जीबीच्या घरात. प्ले दाबलं की चक्र फिरत बसतं, आणि दुसरा अंक बघायला पट्टी पुढे ओढली तर व्हिडिओ परत नांदीवर येतो. यूट्यूब नको, कारण ऐन पदाच्या मध्ये जाहिरात घुसते. कुणी डाउनलोड करून स्वतःच्या नावाने फिरवू नये, हीसुद्धा इच्छा आहे. होस्टिंगवाल्याने महागडा 'स्ट्रीमिंग प्लॅन' सुचवला आहे, तो घ्यावा का?

मी डिचोलीत राहतो. देवस्थानं, भजनी मंडळं, शाळा अशांच्या वेबसाइट सांभाळतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. प्लॅन घेऊ नका. आधी तीन गोष्टी तपासा: सर्व्हर फाइल तुकड्यांत देतो का, फाइलची बांधणी बरोबर आहे का, आणि फाइल बघणाऱ्याच्या नेटला झेपेल एवढी हलकी आहे का. हे तिन्ही जुळलं की साधी एमपी४ फाइल साध्या होस्टिंगवरून दोन-तीन सेकंदांत सुरू होते.

रिअलप्लेअरच्या काळात व्हिडिओसाठी खरोखरच वेगळा सर्व्हर लागायचा, त्याचं प्रोटोकॉलच (फाइल पाठवायची भाषाच) वेगळं होतं. नंतर ब्राउझरमध्ये व्हिडिओ वाजवणारं फ्लॅश आलं, तेही २०२० च्या अखेरीस बंद झालं. आता सगळा कारभार एचटीटीपीवर चालतो, म्हणजे ज्या रस्त्याने तुमच्या पानावरचे फोटो येतात त्याच रस्त्याने व्हिडिओ येतो. ब्राउझर सर्व्हरकडे 'अमुक बाइटपासून पुढचं दे' अशी मागणी करतो. सर्व्हरला ती भाषा कळत असेल तर तो उत्तराला २०६ क्रमांक लावतो आणि मागितलं तेवढंच देतो. कळत नसेल तर २०० म्हणतो आणि पहिल्या बाइटपासून अख्खी फाइल ओतायला लागतो. तुमची पट्टी ओढल्यावर व्हिडिओ सुरुवातीला येतो ना, माझा पहिला संशय इथेच आहे. मधूनच द्यायची सर्व्हरला सोय नाही, मग ब्राउझर तरी काय करणार.

तपासायला काही खर्च नाही. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये तुमचं पान उघडा, एफ१२ दाबा, वर 'नेटवर्क' लिहिलेल्या टॅबवर जा आणि मग व्हिडिओ चालू करा. खाली यादीत तुमच्या फाइलचं नाव येईल. त्याच ओळीत 'स्टेटस'खाली २०६ आहे की २०० ते बघा. त्या ओळीवर क्लिक केलं तर सर्व्हरने पाठवलेले हेडर दिसतात, त्यात 'अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस' पुढे 'बाइट्स' असं असायला हवं.

आता गंमत अशी, की सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाची असो वा एनजिन्एक्स, फोल्डरमध्ये नुसती ठेवलेली फाइल दोघेही तुकड्यांत द्यायला मुळातच तयार असतात. तरीही २०० दिसत असेल तर मध्ये कुणीतरी बसलाय. बहुतेक वेळा तो पीएचपीचा एखादा छोटा प्रोग्रॅम निघतो: 'फक्त सभासदांना दिसावं' म्हणून प्लगइन टाकलेलं असतं, ते फाइल स्वतः वाचून पुढे ढकलतं आणि तुकड्याची (रेंजची) मागणी त्याच्या गावीही नसते. असं प्लगइन असेल तर व्हिडिओंपुरतं ते बाजूला काढा आणि फाइलचा थेट पत्ता द्या. कधी सर्व्हर वेळ वाचवायचा म्हणून सगळ्याच फाइल वाटेत कॉम्प्रेस करू बघतो. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, त्याला पुन्हा दाबून काही मिळत नाही आणि रेंज मात्र मोडते. होस्टिंगवाल्याला सांगून व्हिडिओपुरतं ते बंद करून घ्या.

सर्व्हर बरोबर निघाला तर पुढचा आरोपी खुद्द फाइल.

एमपी४ फाइलच्या आत डबे असतात. एका डब्यात प्रत्यक्ष चित्र आणि आवाज, तो सगळ्यात मोठा. दुसऱ्या लहानशा डब्यात कुठलं दृश्य कितव्या बाइटला आहे याची पूर्ण नोंद. या नोंदीच्या डब्याला 'मूव्ह' म्हणतात, आणि ती वाचल्याशिवाय ब्राउझरला पहिलं चित्रसुद्धा दाखवता येत नाही. पण कॅमेरा किंवा एडिटिंगचं सॉफ्टवेअर ही नोंद शेवटी लिहितं, कारण सगळं रेकॉर्ड होईपर्यंत तिच्यात काय लिहायचं तेच माहीत नसतं. म्हणजे ग्रंथाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर. सर्व्हर तुकड्यांत देणारा असेल तर ब्राउझर हुशारीने शेवटाकडे उडी मारतो, नोंद आणतो, परत सुरुवातीला येतो. थोडा उशीर होतो पण चालून जातं. सर्व्हर २०० वाला असेल तर मात्र नऊच्या नऊ जीबी उतरेपर्यंत गोल चक्र. म्हणून हे दोन दोष एकत्र आले की माणूस हैराण होतो आणि वेगवेगळे असले की पटकन लक्षात येत नाहीत. एका मंडळाचा व्हिडिओ जुन्या होस्टिंगवर बरा चालत होता, नवीन ठिकाणी हलवल्यावर बंद पडला, आणि सगळे फाइलला नावं ठेवत बसले. फाइल दोन्हीकडे तीच होती.

ही नोंद पुढे आणण्याला 'फास्टस्टार्ट' म्हणतात. एफएफएमपेग नावाचं फुकट साधन आहे. काळ्या खिडकीत कमांड लिहायची भीती नसेल तर त्यात 'कॉपी' आणि 'फास्टस्टार्ट' हे दोन पर्याय देऊन फाइल नव्याने लिहून घ्या. चित्राला हात लागत नाही, दर्जा तसाच राहतो आणि काम काही मिनिटांत होतं. भीती असेल तर हँडब्रेक वापरा. तेही फुकट आहे, त्यात 'वेब ऑप्टिमाइज्ड' अशी एक चौकट आहे, ती टिक केली की हेच होतं. फरक इतकाच, की हँडब्रेक फाइल पुन्हा एन्कोड करतं, म्हणजे चित्र नव्याने दाबून लिहितं, त्यामुळे वेळ लागतो. तुमच्या बाबतीत पुन्हा एन्कोड करायचंच आहे, तेव्हा हँडब्रेकच बरं.

करायचंच आहे म्हणतो कारण नऊ जीबी. अडीच तास म्हणजे ९००० सेकंद. नऊ जीबीला आठने गुणून सेकंदांनी भागलं की सेकंदाला आठ मेगाबिट येतात. म्हणजे बघणाऱ्याचं नेट सतत, न अडखळता, आठ एमबीपीएसच्या वर चालायला हवं. पणजीत फायबरवर चालेल. सत्तरीत डोंगराच्या आड, पावसाळ्यात, मोबाइलवर? विसरा. आणि तुमचे प्रेक्षक बघा कोण आहेत: गावातली म्हातारी माणसं मुलाच्या फोनवर बघणार, आणि गल्फात किंवा इंग्लंडात स्विंडनसारख्या ठिकाणी गेलेली पोरं कामावरून येताना बसमध्ये बघणार. यातल्या कुणालाही आठ एमबीपीएसचं नाटक नको असतं, पद नीट ऐकू आलं पाहिजे.

रंगमंचावरच्या रेकॉर्डिंगमध्ये एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा असा, की कॅमेरा स्टँडवर, पडदा मागे स्थिर, हलतात ती फक्त पात्रं; एन्कोडरला बदललेला भागच नव्याने साठवावा लागतो, त्यामुळे अशी फाइल सुंदर आकसते. तोटा मंडपातल्या उजेडाचा. लाल-निळे दिवे, मध्येच अंधार, आणि त्या अंधारात कॅमेरा जे बारीक थरथरणारे ठिपके उचलतो ते एन्कोडरच्या दृष्टीने दर फ्रेमला नवीन चित्र असतं. निम्मी फाइल त्या ठिपक्यांनीच खाल्लेली असते. हँडब्रेकमध्ये 'डीनॉइज' फिल्टर आहे, तो हलक्या पातळीवर लावा. मेकअपचा रंग थोडा गुळगुळीत होईल, चालतं. फोनच्या पडद्यावर कुणाला कळत नाही.

बाकीचे आकडे मी असे ठेवीन. आकार ७२०पी. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, एच.२६४, कारण जुना टीव्ही, जुना फोन, कुठलाही ब्राउझर, सगळीकडे तो चालतो. नवीन फोन एचईव्हीसी नावाच्या नव्या कोडेकमध्ये शूट करतात. आयफोनवर २०१७ पासून हीच पद्धत आहे. फाइल लहान होते हे खरं, पण बऱ्याच कॉम्प्युटरवर मग आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, म्हणून वेबसाइटसाठी बदलून घ्या. सरासरी बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, ११०० केबीपीएस, दोन पासमध्ये (एन्कोडर फाइल दोनदा वाचतो). आवाजात मात्र कंजुषी करू नका: एएसी कोडेक, स्टिरिओ, १२८ केबीपीएस. लोक चित्र वाचवायला जातात आणि हार्मोनियम चिरकी करून ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. नाटक आवाजावर चालतं. एवढं केल्यावर तुमचं नऊ जीबीचं नाटक १.४ जीबीच्या आसपास येईल, आणि सव्वा एमबीपीएसच्या थोडं वर चालणाऱ्या नेटवरही पळेल.

त्याच्याच जोडीला ४८०पीची एक हलकी फाइल करून पानावर 'कमी डेटा' म्हणून वेगळा दुवा द्या. मोबाइलवर रोज दीड जीबीचा पॅक असणाऱ्याला १.४ जीबीचं नाटक म्हणजे दिवसाचा डेटा खलास. सहाशे केबीपीएसची आवृत्ती पावणेसातशे एमबीत बसते. आणि अंकांप्रमाणे फाइल वेगळ्या करा. तिसऱ्या अंकातलं पद ऐकायला आलेल्याने आख्खं नाटक का ओढायचं?

व्हिडिओवाल्याने पेनड्राइव्हवर एमटीएस फाइल दिल्या असतील तर त्या थेट चढवू नका. ब्राउझर त्या वाजवत नाहीत. शिवाय जुन्या हँडीकॅमचं चित्र आडव्या रेघांत विणलेलं असतं, हात झटकन हलला की कंगव्याच्या दातांसारखं दिसतं. हँडब्रेकमध्ये 'डीइंटरलेस' चालू ठेवा. आणि कार्डावर चार जीबीला फाइल तुटते, ते तुकडे आधी जोडून घ्या, नाहीतर संवादाच्या मध्यावर व्हिडिओ संपतो.

पानावर व्हिडिओचा टॅग लिहिताना 'प्रीलोड'ला (पान उघडताच व्हिडिओ किती ओढायचा ते) 'मेटाडेटा' ठेवा, आणि एका पानावर दहा-वीस नाटकं असतील तर 'नन' ठेवून प्रत्येकाला पोस्टर म्हणून एक फोटो द्या. नाहीतर पान उघडल्या उघडल्या सगळे व्हिडिओ एकदम नेटवर तुटून पडतात. आयफोनवर व्हिडिओ पानातच चालावा म्हणून 'प्लेजइनलाइन' घाला. ऑटोप्लेच्या नादी लागू नका. २०१८ पासून क्रोम आवाजासकट आपोआप काही सुरू होऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. फाइलच्या नावात मराठी अक्षरं आणि मोकळी जागा टाळा. लिनक्स सर्व्हरला नावाच्या शेवटचं एमपी४ इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि लहान अक्षरांत वेगळं वाटतं, हेही लक्षात ठेवा. व्हिडिओ चालू न होता सरळ डाउनलोडच होत असेल तर सर्व्हर फाइलचा प्रकार चुकीचा सांगतोय. तो 'व्हिडिओ/एमपी४' असा यायला हवा.

आता फाइल ठेवायच्या कुठे. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं, पण अटींत बारीक अक्षरांत व्हिडिओचं कोठार करू नये असंही लिहिलेलं असतं. शंभर जणांनी तुमचं नाटक पूर्ण पाहिलं तर १४० जीबी जातात. जुन्या फाइलने ९०० गेले असते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सगळे एकदम बघायला येतात, आणि नेमकं तेव्हाच खातं बंद होतं. म्हणून वेबसाइट आहे तिथेच राहू द्या, फक्त व्हिडिओ एखाद्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे नुसत्या फाइल साठवून देणाऱ्या सेवेवर, ठेवा. क्लाउडफ्लेअरचं आर२ बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लावत नाही, साठवणुकीचे आणि मागण्यांचे लावतं. तुमच्यासारख्याला तेच परवडतं. दुसरीकडे घेतलं तर मुंबईत सर्व्हर असलेलं बघा, आणि परदेशातले प्रेक्षक जास्त असतील तर पुढे सीडीएन (फाइलच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) लावा. जुनी, हक्कांची अडचण नसलेली रेकॉर्डिंग इंटरनेट आर्काइव्हवर फुकट ठेवता येतात आणि तिथून पानावर लावताही येतात. वेग कधी कधी रडवतो, पण जाहिरात नाही.

घरच्या कॉम्प्युटरचाच सर्व्हर करायचा विचार कुणी डोक्यात घालत असेल तर घालू देऊ नका. बऱ्याच कनेक्शनवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळत नाही, आणि आपल्याकडे जूनमध्ये वीज किती वेळा जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

होस्टिंगवाल्याने सुचवलेला तो 'स्ट्रीमिंग प्लॅन' बहुधा एचएलएसचा असेल. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली ही पद्धत आज सगळीकडे आहे. नाटक सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत कापायचं, तीन दर्जांत ठेवायचं आणि वर एक यादीची फाइल द्यायची. नेट मंदावलं की प्लेअर आपोआप खालच्या दर्जाचा पुढचा तुकडा उचलतो. यूट्यूबवर चित्र मध्येच धूसर होतं आणि परत स्वच्छ होतं, ते हेच. गोष्ट चांगली आहे. पण अडीच तासांचे एका दर्जाचे १५०० तुकडे, तिन्हींचे मिळून साडेचार हजार फाइल, त्याही एका नाटकाच्या. त्या एफटीपीने चढवत बसा, एक राहिली तर तिथेच अडखळेल. शेअर्ड होस्टिंगवर फाइलींच्या संख्येलाही मर्यादा असते. तिन्ही दर्जांत की-फ्रेम (पूर्ण साठवलेली चित्रं) एकाच सेकंदाला पडायला हव्यात, नाहीतर दर्जा बदलताना झटका बसतो. सफारी हे स्वतः वाजवतो, पण ज्या ब्राउझरांना ते जमत नाही त्यांच्यासाठी एचएलएस डॉट जेएस नावाचा छोटा प्रोग्रॅम पानात घालावा लागतो. रोज हजारभर लोक बघणार असतील तर हे जरूर करा, किंवा बनी स्ट्रीमसारख्या सेवेला फाइल द्या, ती कापाकापी स्वतः करते आणि वापराप्रमाणे पैसे घेते. दोन फाइल आणि दोन दुवे ठेवून तुमचं काम भागत असताना आधी त्यात पडू नका. (जत्रेचं थेट प्रक्षेपण करायचं असेल तर मात्र यूट्यूबच वापरा. तो उद्योग घरगुती नाही.)

राहिलं डाउनलोडचं. खरं सांगतो, ते थांबत नाही. ब्राउझरला दिसतं ते ब्राउझरकडे आलेलं असतं. टॅगमध्ये 'नो-डाउनलोड' घातलं की क्रोममधलं डाउनलोडचं बटण लपतं, तेवढ्याने दहापैकी आठ जण थांबतात. दुसऱ्या वेबसाइटने तुमच्या फाइलचा पत्ता स्वतःच्या पानावर लावू नये म्हणून सर्व्हरवर हॉटलिंकिंग बंद करा, ते मात्र नक्की करा, कारण डेटाचं बिल तुम्हाला येतं. आणि चित्राच्या कोपऱ्यात मंडळाचं नाव आणि वर्ष कायमचं उमटवून ठेवा, एन्कोड करण्यापूर्वी. मग कुणी फिरवलं तरी तुमच्याच नावाने फिरेल.

याच कारणाने दुसऱ्या बाजूचंही बघा. नाटक तुमच्या मंडळाने केलं असलं तरी संहिता लेखकाची असते, आणि आपल्या कायद्याने लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. जत्रेत प्रयोग करायला परवानगी घेतली असेल, पण रेकॉर्डिंग वेबसाइटवर कायम ठेवायची परवानगी त्यात आपोआप येत नाही. काम केलेल्या कलाकारांनाही विचारा. लेखी, दोन ओळींचं पुरे.

तुमचं २०६ आहे की २०० ते बघून खाली कमेंटमध्ये लिहा. २०० असेल तर कुठलं प्लगइन आहे तेही लिहा, मग पुढचं सांगतो.